फुकटचं काम, गोवराची लस आणि तिसरीतलं इंग्रजी

ताई, नमस्कार. मी मूळची सांगली जिल्ह्यातली. आधी जिल्हा परिषदेची शाळा, मग गावातलं हायस्कूल, सगळं शिक्षण मराठी माध्यमातून. पुण्यात सिव्हिल इंजिनिअरिंग केलं आणि गेल्या ऑक्टोबरपासून जर्मनीत श्टुटगार्टला मास्टर्स करतेय. कोर्स इंग्रजीतून आहे, जर्मन बी-वनपर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत झालंय. आमच्या इमारतीत एक निवृत्त बाई राहतात. त्या आठवड्यातून एकदा जवळच्या प्राथमिक शाळेत मुलांसोबत वाचायला बसतात. परवा म्हणाल्या, तिसरीच्या इंग्रजीच्या तासाला मदतीला कुणीतरी हवंय, तू ये ना. पैसे मिळणार नाहीत. मला जावंसं वाटतंय, कारण इथे कधीकधी दिवसभर कुणाशी बोलणंच होत नाही. पण माझं इंग्रजी ऐकून ती मुलं हसली तर? मराठी माध्यमातली मी कुणाला इंग्रजी शिकवणार? बाबा म्हणतात, कर्ज काढून पाठवलंय, फुकट राबण्यापेक्षा दोन पैसे मिळव. शिवाय व्हिसाची भानगड होईल का, तेही कळत नाही. काय करू?
– श्टुटगार्टची एक वाचक

सांगलीकर मुली,

जा. पण आठवड्यातली एकच सकाळ दे, आणि शब्द देताना सध्या सप्टेंबर ते फेब्रुवारी एवढ्याचाच दे. व्हिसा आणि बाबा यांच्याकडे येतेच, आधी ते हसण्याचं मिटवू.

तू ज्या वर्गात जाणार आहेस, तिथल्या मुलांचं इंग्रजी किती जुनं आहे ते बघ. तुझ्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात प्राथमिक शाळेत परकी भाषा तिसरीत सुरू होते. मधली काही वर्षं, २००३-०४ पासून, ती पहिलीपासूनच शिकवत होते. पुढे जर्मन आणि गणिताला जास्त वेळ हवा म्हणून राज्याने ते तास तिकडे वळवले आणि २०१८-१९ पासून परकी भाषा पुन्हा तिसरीवर नेली. आपल्याकडे बरोबर उलटं झालं. २००० साली महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं. त्याआधीच्या पिढ्यांना ते पाचवीत भेटायचं. म्हणजे तू सहाव्या वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेत 'ए फॉर ॲपल' घोकत होतीस, आणि ही मुलं आठव्या वर्षी 'माय नेम इज'पासून सुरुवात करतायत. तासही आठवड्याला दोनच, ४५-४५ मिनिटांचे. मराठी माध्यमाचा न्यूनगंड हा आपल्याकडचा खास माल आहे. तो तिथे नेलास तरी कुणाला ओळखू यायचा नाही.

(र्‍हाईनच्या काठाला, कार्ल्सरूहे किंवा फ्रायबुर्गकडे राहत असतीस, तर हा प्रश्न तुला पडलाच नसता. तिथल्या बऱ्याच प्राथमिक शाळांनी इंग्रजीऐवजी फ्रेंच धरली.)

मुलं हसणारच नाहीत असं मात्र मी सांगत नाही. एखादं पोरगं तोंडावर विचारेल, 'तू अशी का बोलतेस?' त्याला सरळ सांगायचं, मी भारतातली, आमच्याकडे असंच बोलतात. त्याचा पुढचा प्रश्न बहुतेक वाघाबद्दल असेल. उच्चारांचं म्हणशील तर मराठी माणूस आणि जर्मन पोर एकाच ठिकाणी ठेचकाळतात. आपल्याला 'व्हेरी' आणि 'वेल' यांतला 'व' वेगळा काढता येत नाही, त्यांनाही नाही. त्यांचा 'डॉग' शेवटी 'डॉक' होतो, 'थिंक'चं 'सिंक' होतं. सगळ्यात मजा येते ती 'व्हेअर'ची. जर्मनमध्ये तसाच ऐकू येणारा शब्द 'कोण' विचारायला वापरतात, त्यामुळे 'व्हेअर इज युअर ब्रदर?' विचारलं की पोरगं आत्मविश्वासाने भावाचं नाव सांगतं. आणि कुणी डोळे मोठे करून 'आय बिकम अ डॉग!' म्हणालं, तर त्याचं रूपांतर होत नाहीये, त्याला वाढदिवसाला कुत्रं मिळणार आहे; 'बिकम'सारखा ऐकू येणारा जर्मन शब्द 'मिळणं' यासाठी वापरतात. तू जर्मन शिकलीयस, म्हणून हा घोळ कुठून येतो ते तुला लगेच कळेल. इंग्लंडहून आलेल्या, जर्मनचा गंध नसलेल्या माणसाला ते कळणार नाही. दुसरी भाषा घाम गाळून शिकलेलं माणूस या कामाला जास्त उपयोगी पडतं, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

आता काम काय असतं ते. शिकवायचं नसतं. शिकवायला वर्गशिक्षिका आहे. ती फळ्यापाशी चित्रांची कार्डं दाखवणार, गाणं घेणार, हातात बाहुली घालून तिला बोलायला लावणार. तू मागच्या टेबलावर तीन-चार मुलांपाशी बसायचंस. तिथे तुझी पहिली चूक कोणती होणार तेही सांगते: तू स्पेलिंग विचारशील. आपण सगळे तसेच वाढलोय. दहा शब्द पाठ, उद्या शुद्धलेखन, चुकलेला शब्द पाच वेळा लिहा. तिथे तिसरीत आधी कान आणि तोंड चालवतात. लिहिणं मागून येतं, तेही थोडंच. तेव्हा मुलाच्या वहीत डोकावून लाल पेन काढू नकोस. त्याने 'आय बिकम अ डॉग' म्हटलं की 'ओह, यू आर गेटिंग अ डॉग! व्हॉट कलर?' एवढं म्हण. चूक झाली असं त्याला सांगायचं नाही, बरोबर वाक्य त्याच्या कानावर घालायचं आणि गप्पा पुढे न्यायच्या. हे ऐकायला सोपं वाटतं. करताना जीभ आवरावी लागते.

त्याहून अवघड म्हणजे थांबणं. प्रश्न विचारल्यावर मूल वर बघतं, खोडरबर उलटंपालटं करतं, शेजाऱ्याकडे पाहतं. एवढ्या वेळात तुला ते उत्तर सांगून टाकावंसं वाटेल, कारण शांतता आपल्याला सहन होत नाही. सांगू नकोस. मनातल्या मनात पाचपर्यंत मोज, मग दहापर्यंत. मदतनीस असण्याचा खरा फायदा हाच आहे की तुला घाई नाही. वीस-पंचवीस मुलं सांभाळणाऱ्या बाईला एका मुलासाठी एवढं थांबता येत नाही, तुला येतं.

त्या टेबलावर कोण असेल, याचाही विचार करून जा. श्टुटगार्ट हे मोटारींच्या कारखान्यांचं शहर. इटली, ग्रीस, तुर्कस्तान, तेव्हाचा युगोस्लाव्हिया, सगळीकडून माणसं तिथे कामाला आली आणि राहिली. अलीकडे सीरिया आणि युक्रेनहून आलेली कुटुंबं आहेत. त्यामुळे वर्गात कितीतरी मुलांची घरची भाषा जर्मन नसते. एरवी दिवसभर ही मुलं मागे पडतात, कारण गणितसुद्धा जर्मनमधून असतं. त्यात चौथीनंतर कुणी कुठल्या शाळेत जायचं हे ठरतं, त्याचं दडपण तिसरीपासूनच घरात शिरतं. इंग्रजीचा तास एवढाच असा की जिथे सगळ्यांची रेघ एकाच जागी आखलेली असते. दीड वर्षापूर्वी जर्मनीत आलेली मुलगी 'रेड, ब्लू, ग्रीन' म्हणण्यात श्टुटगार्टमध्ये जन्मलेल्या मुलाच्या मागे नसते, कधीकधी पुढेच असते. शिक्षिकेच्या ते लक्षात येईलच असं नाही. तुझ्या लक्षात आलं तर तिला सांग. तू तिथे आहेस याचा सगळ्यात मोठा उपयोग कदाचित हाच होईल.

शिक्षिकेशी वागताना मात्र जपून. तिथली प्राथमिक शिक्षिका बहुतेक सगळेच विषय घेते आणि इंग्रजी हा प्रत्येकीचा विषय असतोच असं नाही. एखादं वाक्य चुकेल. तू इंजिनिअर, त्यातून कोर्स इंग्रजीतून, तुझ्या ते लगेच लक्षात येईल. मुलांसमोर तोंड उघडू नकोस. सुट्टीतसुद्धा तिने विचारलं तरच. वर्ग तिचा आहे.

आणि तू धास्ती घेतलीयस इंग्रजीची, पण कसाला लागणार आहे तुझं जर्मन. सूचना पटापट जर्मनमधून येतील. मुलं भांडतील ती जर्मनमध्ये, त्यातही श्वेबिश बोलीचा तडका असेल, आणि 'त्याने माझी पेन्सिल घेतली' हा खटला तुला तिथल्या तिथे निकाली काढावा लागेल. बी-वन पुरेसं आहे, फक्त पहिले काही आठवडे डोकं दुखेल. शिक्षक तुला 'झी' म्हणतील, म्हणजे अहो-जाहो करतील. तूही तेच कर, 'डू', म्हणजे अरे-तुरे, त्यांनी आपणहून देईपर्यंत. मुलांनी तुला नावाने हाक मारायची की 'फ्राउ' लावून आडनावाने, हे पहिल्याच दिवशी शिक्षिकेला विचारून घे. एकदा पडलेली सवय मोडत नाही.

बाबांचं काय, तेही बघू. युरोपाबाहेरची म्हणून तू त्या राज्यात सहामाहीला १,५०० युरो फी भरतेस. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात अडकवून ठेवावे लागले, त्यातले महिन्याला ९९२ तुझ्या हातात येतात. सांगलीतल्या माणसाने हे रुपयांत मोजलं की त्याची झोप उडणारच. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्यांना 'सीव्हीला चांगलं दिसतं' असलं काही सांगू नकोस. पूल बांधणारी कंपनी तिसरीतल्या रंगांसाठी तुला नोकरी देणार नाही, आणि बाबा भोळे नाहीत. खरी गोष्ट सांग. तुझा कोर्स इंग्रजीत असला तरी जर्मनीतलं बांधकाम जर्मनमध्ये चालतं. साइटवरचा मुकादम, नगरपालिकेचं परवाना खातं, ठेकेदाराचं पत्र, सगळं. इंग्रजी कोर्स करून जर्मनशिवाय नोकरी शोधणारे सिव्हिलवाले किती अडकतात ते तुझ्या सीनिअर्सना विचार. वर्गात बसून मिळणाऱ्या जर्मनपेक्षा आठ वर्षांच्या मुलांची भांडणं सोडवून येणारं जर्मन जास्त टिकतं, आणि त्याची फी नाही.

पैसे मिळवायचेच आहेत, तर विद्यापीठातच सहायकाचं काम बघ, ज्याला तिथे सगळे 'हिवी' म्हणतात. विद्यार्थी व्हिसावर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. २०२४ च्या मार्चपर्यंत ते १२० आणि २४० होते. विद्यापीठातलं हिवीचं काम या दिवसांत धरत नाहीत. शाळेतलं तुझं काम खरोखर बिनपैशाचं असेल, तर तेही या हिशेबात येत नाही. गडबड होते ती मधल्या प्रकारात. शाळा किंवा संस्था कौतुकाने 'खर्चापोटी' म्हणून दर तासाला काही रक्कम द्यायला लागते, आणि मग ते स्वयंसेवा की नोकरी हा प्रश्न उभा राहतो. ट्रामचं तिकीट वगैरे ठीक. त्यापलीकडे काही देऊ केलं, तर घेण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात विचार, आणि उत्तर ईमेलवर घे.

कागद दोन लागतील. एक, चारित्र्याचा दाखला. मुलांमध्ये काम करणाऱ्यांसाठी त्याचा विस्तारित प्रकार असतो, 'एरवायटर्टेस फ्युरुंग्सझॉयग्निस'. नाव पाठ करायची गरज नाही, शाळा पत्र देईल. ते पत्र घेऊन नागरिक सुविधा कार्यालयात, म्हणजे ब्युर्गरब्युरोत जायचं. एरवी १३ युरो पडतात. पत्रात स्वयंसेवा असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर माफ. दाखला बॉनहून येतो, त्यामुळे हातात दोन-तीन आठवडे ठेव.

दुसरा कागद गोवराचा, आणि आपल्याकडची मुलं अडकतात ती इथे. जर्मनीत १ मार्च २०२० पासून कायदा आहे: १९७० नंतर जन्मलेल्या आणि शाळेत नियमित काम करणाऱ्या कुणालाही, स्वयंसेवकालाही, गोवरापासून संरक्षण असल्याचा पुरावा द्यावा लागतो. लसीचे दोन डोस, किंवा रक्ततपासणीत प्रतिकारशक्ती दिसली पाहिजे. आपल्या सरकारी लसीकरणात गोवराचा दुसरा डोस २०१० पासून आला. तू त्याआधीची, म्हणजे आरोग्य केंद्रात बहुधा एकच डोस झालेला, आणि ते कार्ड आईने कुठल्या ट्रंकेत ठेवलंय ते तिलाच माहीत. शोधायला लाव, पण त्यावर विसंबून राहू नकोस. तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे जा, परिस्थिती सांग. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्र लस असते, आणि सरकारी आरोग्य विमा असेल तर तिचा खर्च विम्यातून होतो. दोन डोसांत किमान चार आठवड्यांचं अंतर लागतं. म्हणून हे काम जुलैत सुरू कर, सप्टेंबरात नाही.

सप्टेंबर मी मुद्दाम म्हणतेय. तुमच्या राज्यात शाळा सप्टेंबरच्या मध्याला उघडते, विद्यापीठाची लेक्चर्स ऑक्टोबरच्या मध्याला. मधला महिना तुला मोकळा मिळतो, त्यात मुलांची नावं पाठ होतात. फेब्रुवारीत तुझी परीक्षा आली की शाळा चालूच असेल, तेव्हा कुठले दोन-तीन आठवडे येणार नाहीस ते शिक्षिकेला डिसेंबरातच सांगून ठेव. हे सांगण्यात काही कमीपणा नाही. न सांगता गैरहजर राहणं वाईट. आठ वर्षांची मुलं दाराकडे बघत बसतात, आणि शिक्षिकेने त्या दिवसाचं नियोजन तुला धरून केलेलं असतं. थीसिसच्या सहामाहीत मात्र हे काम घेऊच नकोस, कुणी कितीही गळ घातली तरी.

एकटेपणाबद्दल तू एकच ओळ लिहिलीयस, पण मला वाटतं पत्र लिहायला तीच कारण आहे. म्हणून स्पष्ट लिहिते. तिसरीतली मुलं तुझा एकटेपणा घालवणार नाहीत, आणि ते काम त्यांच्यावर टाकूही नये. ती मिठी मारतील, चित्र काढून देतील, आणि पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत, कारण खिडकीबाहेर बर्फ पडत असेल. ते मनाला लावून घेतलंस तर दमशील. माणसं भेटतील ती शाळेच्या कडेकडेला. तुझ्या शेजारीणबाईंसारखे वाचनाला येणारे स्वयंसेवक बहुतेक निवृत्त असतात. त्यांना वेळ असतो, ते हळू बोलतात, आणि तू जर्मन चुकलीस तर इंग्रजीवर उडी मारत नाहीत. तासानंतर त्यांच्याबरोबर कॉफी घे. तुझ्या वयाच्या मैत्रिणींसाठी मात्र वेगळी जागा शोध. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून जोडशहरं आहेत, तिथे मराठी मंडळी काही कमी नाहीत. गणपतीत बाहेर पडलीस तरी दहा ओळखी होतील.

बारीकसारीक थोडं. मुलांचे फोटो काढायचे नाहीत, स्टेटसला टाकायचे नाहीत, पाठमोरेसुद्धा. तिथे हे फार गंभीरपणे घेतात आणि ते योग्यच आहे. खाऊ नेण्याआधी विचार; कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कुणाला जिलेटिन. वर्गात काय ऐकलंस ते इमारतीत बोलायचं नाही, शेजारीणबाईंशीही नाही. आणि कधीतरी 'भारताबद्दल काही सांग ना' अशी फर्माईश येईल. एकदा सांग, दर आठवड्याला नको, नाहीतर तू मदतनीस राहणार नाहीस, प्रदर्शन होशील. त्या एका वेळीही दिवाळीची स्लाइड दाखवण्यापेक्षा मुलांना मैदानावर ने आणि लंगडी शिकव, सगळ्या सूचना इंग्रजीतून. 'हॉप ऑन वन लेग', 'डोन्ट पुट युअर फूट डाउन', 'यू आर आउट'. साहित्य काही लागत नाही, नियम दोन मिनिटांत कळतात, आणि ज्याला वर्गात तोंड उघडायला लाज वाटते तोसुद्धा 'आउट! आउट!' म्हणून ओरडतो.

कुर्ता घालू की जीन्स, असं तळटीपेत विचारलंयस. जीन्स, अर्धा वेळ जमिनीवर बसावं लागतं. आणि पिशवीत घरात घालायच्या चपला ठेव. तिथल्या बऱ्याच प्राथमिक शाळांत बूट वर्गाबाहेर काढतात, आणि नोव्हेंबरात ती फरशी भयंकर गार असते.

तुझी,
ताई